डोकी पन्नास, अक्षांश एक

पद : विधी सहायक (कंत्राटी). मुदत : अकरा महिने. पात्रता : पदवी, कायद्याची असल्यास प्राधान्य. नुकतेच उत्तीर्ण झालेल्यांनी अर्ज करावेत. किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. स्वतःची दुचाकी आणि स्मार्टफोन हवा. पेट्रोल ज्याचे त्याने.

अशी जाहिरात तुम्हीही वाचली आहे. घरात पदवीधर पोरगं असेल तर तिची झेरॉक्सही काढली असेल. कालच पास झालेल्याने दोन वर्षांचा अनुभव कुठून आणायचा, हे मी विचारत नाही. माझं घोडं अडलंय ते शेवटच्या कलमावर. ‘प्रत्येक गावभेटीचा जिओटॅग फोटो त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या आत ग्रुपवर टाकावा. अन्यथा भेट झाली नाही असे समजण्यात येईल.’

म्हणजे गडचिरोलीत भामरागडच्या पलीकडच्या टोल्यावर पोरगं सकाळीच पोचलं. वाटेत दोन नाले गुडघाभर पाण्यातून ओलांडले, गाडी अर्धा कोस ढकलत नेली, वनहक्काचे चार दावे भरून दिले. पण फोटो पाचऐवजी साडेसहाला गेला, तर पोरगं गावात गेलंच नव्हतं. उपग्रहाला ते दिसलं असेल. पण मोबाईलचा टॉवर सोळा किलोमीटर मागे राहिला, त्याला कोण काय करणार? पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगते आणि तालुक्याचं ठिकाणच जगापासून तुटतं. तेवढे दिवस कार्यालयाच्या लेखी तिथे कायदाही पोचत नाही.

बरं, गावभेटीत शिबिरही घ्यायचं, आणि त्याचा नुसता फोटो चालत नाही. मागे फ्लेक्स पाहिजे, फ्लेक्सवरची तारीख वाचता आली पाहिजे आणि समोर किमान पन्नास डोकी पाहिजेत. घरं मात्र बावीस. त्यातली निम्मी माणसं उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर, उरलेली मोहाखाली. मग शाळेतली पोरं आणतात, पलीकडच्या टोल्यावरचे पाहुणे आणतात, पुढच्या रांगेतला एक जण मागे जाऊन टोपी घालून पुन्हा उभा राहतो. एक आजी तर या कामात इतकी तरबेज झाली आहे, की फ्लेक्सची दोरी सुटताना दिसली की ती आपणहून पदर सावरून उजव्या कोपऱ्यात जाऊन बसते. गेल्या हंगामात ती बालविवाहविरोधी शिबिरात होती, ग्राहक हक्कांच्या शिबिरात होती, सायबर फसवणुकीच्याही शिबिरात होती. फोन तिच्याकडे नाही. झाडीपट्टीच्या नाटकातही एका नटाला एका रात्रीत इतक्या भूमिका देत नाहीत. फ्लेक्स एकच. त्यावर तारखेच्या जागी पांढरी पट्टी चिकटवायची आणि मार्करने नवी तारीख टाकायची. अशा पट्ट्यांचा थर आता इतका जाड झालाय, की खरवडला तर शिबिरांचा इतिहास हाती लागेल.

या आजीच्या शेजारी एक बुवा बसतात. परवा फोटो झाल्यावर त्यांनी पोराला विचारलं, ‘‘बाबू, फोटू तं निंगला. पट्टा कवा निंगन?’’

आता इथे मला हसू येत नाही. पट्टा म्हणजे वनहक्काचा कागद. बुवांच्या शेजाऱ्याचा त्यासाठीचा दावा फेटाळला गेला, कारण ‘पुरावा अपुरा’. शेजारी आदिवासी नाही, ‘इतर पारंपरिक वननिवासी’ आहे. म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट दाखवायची. हिशेब जातो १९३० पर्यंत. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी सगळा चांदा, आणि १९३० साली तर मध्य प्रांत. ज्या जिल्ह्याचा स्वतःचा कागद ब्याऐंशीच्या आधीचा निघायचा नाही, तो जंगलात राबणाऱ्याकडे तिसाचा कागद मागतो!

आणि कायदा तसं म्हणतच नाही हो! वनहक्काच्या २००८ च्या नियमांतला नियम १३ काढून बघा. सरकारी कागदांसोबत तिथे घर, झोपडी, शेताचा बांध हेही पुरावे म्हणून मोजलेत. आणि स्पष्ट लिहिलंय, की दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा आहे. २०१२ च्या दुरुस्तीत आणखी बजावलंय, की उपग्रहाची चित्रं जोडीला घ्या, पण इतर पुराव्यांच्या जागी बसवू नका. म्हणजे शेजाऱ्याच्या आज्याने कुठला बांध घातला, कुठलं मोहाचं झाड धुऱ्यावर राखलं, हे बुवांनी सांगायचं आणि पदवीधर पोराने शुद्ध मराठीत उतरवून अंगठा घ्यायचा. बुवांना कामापुरती मराठी येते, जुनं मात्र ते माडियातच सांगतात, म्हणून मध्ये दुभाषी बसवायचा. एका जबाबाला अख्खी दुपार जाते. विधी सहायक नेमायचा तो याच कामासाठी ना? पण मासिक अहवालाच्या तक्त्यात शिबिरांचा रकाना आहे, डोक्यांचा आहे, फोटोंचा आहे, जबाबांचा नाही. बुवांचा चेहरा कार्यालयाला पुरावा म्हणून चालतो. बुवांचं तोंड उघडलं, की ते ऐकीव.

परिणाम व्हायचा तोच होतो. ज्या पोरीने बसून जबाब लिहिले, तिचे फोटो कमी पडले आणि शेऱ्यात ‘कामगिरी असमाधानकारक’ आलं. ज्या पोराने डांबरी सडकेवरच्या तीन गावांत फ्लेक्स फिरवला, त्याला प्रमाणपत्र मिळालं. अकरा महिन्यांनी दोघेही घरी. आता दोघेही पोलीस भरतीसाठी पहाटे सडकेवर धावतात.

तक्त्यात जबाबांचा एक रकाना वाढवायला रेघ ओढण्यापलीकडे खर्च नाही. तेवढंही जमत नसेल, तर पुढच्या जाहिरातीत पदाचं नाव सरळ ‘छायाचित्रकार’ छापा. कायदा शिकलेली पोरं फसणार नाहीत. आणि छायाचित्रकाराला लग्नसराईत रोज तरी बरा पडतो, वर जेवणही मिळतं.