अंगठा इथे, सर्व्हर कुठे?
जुन्नर तालुक्यात खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. फायबरने आलेल्या त्यांच्या संकेतांचा मेळ संगणकांचा ताफा क्षणाक्षणाला घालतो. ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत इथे टिपल्याची बातमी २०२३ साली आलीच होती. शेजारच्या आंबेगावात, आहुप्याच्या बाजूला, रेंज गेली की आजींचा अंगठा मात्र रेशनच्या यंत्रातून सर्व्हरपर्यंत पोचत नाही.

रेशनच्या या सॉफ्टवेअरची चाचणी झालीच नाही, असं कुणी म्हणू नये. झाली असणारच, गारेगार खोलीत, एकाच टेबलावर, वायफायच्या कुशीत. सुटी यंत्रं सगळी पास. पण यंत्र इथे, सर्व्हर तिथे अशी सॉफ्टवेअर नापास होतात ती मधल्या वाटेवर. निरोप गेला, पोच आली नाही. सर्व्हरच्या लेखी धान्य उचललेलं आणि पिशवी रिकामी! पुन्हा अंगठा द्यावा, तर ‘आधीच दिलंय’.

मधल्या वाटेची ही खरी अवघड चाचणी आवणीत झिजलेल्या अंगठ्यांवर फुकटात उरकते. परीक्षकाला मानधन नाही, अहवाल नाही. शेरा तेवढा ठरलेला: ‘आजी, उद्या या.’