शुभमुहूर्त १ एप्रिलचा

कर्नाटक सरकारच्या दफ्तरी शिक्षकांच्या दोन जाती आहेत, आणि त्या जन्मावरून, गुणावरून किंवा विद्वत्तेवरून ठरत नसून केवळ पंचांगावरून ठरतात. १ एप्रिल २००६ पूर्वी जो रुजू झाला, तो साठाव्या वर्षी अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि वर महागाईची भर अशी तहहयात बेगमी घेऊन घरी जातो. त्याच फुटक्या फळ्यावर तोच लसावि शिकवणारा, परंतु त्या तारखेस किंवा नंतर हजर झालेला त्याचा सहकारी मात्र दरमहा दहा टक्के वेतन कापून देतो, सरकार त्यात चौदा टक्क्यांची भर घालते, आणि ती पुंजी बाजाराच्या स्वाधीन होऊन अखेरीस किती उरेल, हे ब्रह्मदेवासही सांगता येत नाही. मूर्ख बनवण्याचा म्हणून जगप्रसिद्ध असलेला हा दिवस ज्या कोणा अंमलदाराने निवडला, त्याच्या निरागसतेस आमचे वंदन असो. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ चा मुहूर्त साधला. विनोदात आपण मागे पडलो खरे, पण काटकसरीत पाच महिने पुढे राहिलो.

या न्यायास इतिहासाचा आधार नाही असे कोणी म्हणू नये. दुसऱ्या बाजीरावास १८१८ साली कंपनी सरकारने सालीना आठ लक्षांची नेमणूक बांधून बिठुरास बसवले, आणि १८५१ साली ते वारल्यावर नानासाहेबांस ती साफ नाकारली. जुन्यास होती, नव्यास नाही! त्या वर्षी कंपनीचा जमाखर्च निश्चितच सुधारला असणार; सहा वर्षांनी कानपुरास जे घडले, ते कोणत्या खात्यावर मांडावे हे मात्र कारकुनांस उमगले नसावे.

कर्नाटकातले शिक्षक त्या मानाने फारच सौम्य. बेंगळुरात धरणे धरायचे तर फ्रीडम पार्कातच धरावे असा दंडक आहे, आणि हे स्वातंत्र्य-उद्यान म्हणजे जुने मध्यवर्ती कारागृह, हा योगायोगही सरकारी विनोदाच्याच परंपरेतला. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे ‘हळे पिंचणी’साठी, म्हणजे जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी, बसलेल्या गर्दीत, एक हात घोषणेसाठी वर करणारी आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या चाचणीच्या उत्तरपत्रिकांवर लाल खुणा करणारी एक बाई आम्ही पाहिली, हजेरी गेली तरी तपासणी चुकवायची नाही, असा तिचा बाणा दिसला. पुढे १ मार्च २०२३ रोजी राज्यभर संप झाला, सरकारने सतरा टक्के अंतरिम वाढ दिली आणि निवृत्तिवेतनासाठी समिती नेमली. (समितीला मुदत असते, निवृत्तीचे वय नसते.) जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ एप्रिल २००६ आधीची पण नेमणूक नंतरची, अशा सुमारे १३,००० कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेत घेण्याचे औदार्य झाले, बाकीच्यांनी जाहिराती नीट पाहून जन्म घ्यायला हवा होता.

बाजाराची जोखीम इतकी हितकारक असेल, तर ती विधिमंडळाने स्वतःस का नाकारावी, हे कोडे आहे. मार्च २०२५ मध्ये गदारोळातच विधेयक संमत होऊन माजी आमदारांचे निवृत्तिवेतन मासिक ५०,००० वरून ७५,००० झाले. त्यात ना कपात, ना रोखे, ना वार्षिकी.

खजिन्याची खरी कमाई तर पुढेच आहे. निवृत्तिवेतन वाचवण्याचा सर्वोत्तम उपाय म्हणजे नेमणूकच न करणे. म्हणून रिक्त जागांवर दहा-बारा हजारांच्या मानधनावर एका शैक्षणिक वर्षापुरते अतिथी शिक्षक येतात, मुलांची नावे पाठ होतात न होतात तोच मुदत संपते, आणि पुढल्या वर्षी मुलांना नवे गुरुजी व गुरुजींना नवी शाळा मिळते. अशाच एका अतिथी गुरुजींना, तुम्ही जुन्या योजनेच्या बाजूचे की नव्या, असे आम्ही विचारले. ते संकोचले. कोणतीही चालेल, म्हणाले. कोणीतरी आपल्याही पगारातून दहा टक्के कापावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.