सोयगावात ऑलिंपिकवीर कसा हुडकावा

ब्रिटनने 2007 साली ‘स्पोर्टिंग जायंट्स’ नावाची मोहीम काढली. उंच पोरापोरींनी यावं, मोजून घ्यावं, खेळ कुठला ते आम्ही सांगू, असा मामला. हेलन ग्लोव्हर नावाची मुलगी उंचीच्या अटीत जेमतेम बसत होती. मोजणीच्या वेळी ती चवड्यांवर उभी राहिली, आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं सुवर्णपदक घेऊन आली. सोयगावात उंच माणूस दिसला की त्याला माळ्यावरचा डबा काढायला सांगतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. ही उणीव दूर व्हावी म्हणून प्रस्तुत मार्गदर्शिका.

साहित्य : एक वही, एक पेन आणि बसस्थानकावर बसायला वर्तमानपत्र. शिट्टी आणू नये. शिट्टी वाजली की गाडी सुटली समजून अर्धं बसस्थानक पळत सुटतं. (वेगाची चाचणी म्हणून हा प्रयोग उत्तम आहे, पण तो शेवटी करावा, नंतर तिथे थांबता येत नाही.)

सुरुवात खरं तर रेल्वेच्या टीसीपासून करायची असते. महेंद्रसिंग धोनी खरगपूरला टीसी होता. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळेही मध्य रेल्वेत टीसी, आणि 2024 मध्ये पॅरिसला त्याने 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मारलं. तेव्हा काळ्या कोटाकडे लक्ष ठेवणं शास्त्राला धरून आहे. अडचण एवढीच की सोयगावला रेल्वे नाही. शेजारच्या शेंदुर्णीहून पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी जायची, तीही बंद पडली. म्हणून निवडसमितीने एसटीच्या कंडक्टरकडे वळावं.

जिम्नॅस्टिक्सच्या बॅलन्स बीमची रुंदी 10 सेंटिमीटर असते. लग्नसराईतल्या गाडीत दोन बाकांमध्ये पोती, पिशव्या, कोंबडी आणि कुणाचं तरी झोपलेलं पोर ठेवल्यावर जी वाट उरते, ती याहून रुंद असल्यास मोजून दाखवावी. त्यात अजिंठ्याचा घाट. चालकाने वळण घेतलं की बसलेले पन्नास लोक डावीकडे झुकतात आणि एकटा कंडक्टर उजवीकडे. एका हातात तिकिटाचं यंत्र, दुसऱ्या हाताच्या बोटांत उभ्या घडीच्या नोटा, धरायला काही नाही, आणि तोंडाने “पुढं सरका, पुढं जागाय.” पुढे जागा नसते. हे त्यालाही ठाऊक असतं, पण चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. पंचांनी याचे वेगळे गुण द्यावेत.

नेमबाजीची चाचणी गाडी फलाटाला लागताना घ्यावी. कुसळेचा प्रकार गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने असा तिन्ही तऱ्हांनी खेळतात. इथे फक्त उभ्याने, आणि लक्ष्य हलतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. नवखा माणूस रुमाल उघडाच फेकतो. तो हवेत फुलतो आणि भलत्याच माणसाच्या तोंडावर बसतो. मुरलेला गडी रुमालाला गाठ मारतो. त्याहून मुरलेला पिशवी टाकतो, कारण रुमाल कुणीही उचलून खाली ठेवतो, पण पिशवीत अंडी आहेत असं सांगितलं की हात लावत नाही. खिडकीतून नातवालाच आत सोडणाऱ्या आजोबांना या प्रकारात घेऊ नये. ते गोळाफेकीत येतं.

अडथळ्यांच्या शर्यतीबद्दल फार लिहीत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022 साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं, सुवर्ण 0.05 सेकंदाने हुकलं. त्या शर्यतीत 3000 मीटरमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात, पण ते कुठे आहेत हे धावणाऱ्याला आधी माहीत असतं. आपल्याकडे काल रात्री नसलेला खड्डा सकाळी असतो. बाजाराच्या दिवशी उभं राहून बघावं, नावं आपोआप लिहिली जातील.

आता लेण्यांजवळचं फर्दापूर. अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात असलं तरी लेणी आपल्या सोयगाव तालुक्यात आहेत, त्यामुळे तिथल्या खेळाडूंवर पहिला हक्क आपला. पायऱ्या चढवत नाहीत अशा पर्यटकांना खुर्चीत बसवून चौघं डोलीवाले वर नेतात. भारोत्तोलनात वजन डोक्यावर धरून पंचांनी खूण करेपर्यंत थांबलं की झालं. वजन गप्प असतं. इथलं वजन मध्येच फोटो काढायला वळतं, कुठलं लेणं आधी बघू असं विचारतं आणि खाली उतरल्यावर घासाघीस करतं. चौघांचं पाऊल एका तालात पडलं नाही तर खुर्ची कलते, म्हणून यांना एकेकटं न घेता थेट नौकानयनात घालावं. पाणी नाही म्हणून कुणी हरकत घेईल. त्याला दत्तू भोकनळचं नाव सांगावं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा पोरगा गावाकडे विहिरी खोदायचा, वल्हं हातात आलं ते फौजेत गेल्यावर. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला. पाण्याचा दुष्काळ ही या खेळात पात्रता समजावी.

पाहणीतली सर्वांत भरवशाची उमेदवार मात्र शेतात सापडते. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभी राहून गोफण फिरवणारी बाई बघावी. हातोडाफेकीत जे शिकायला वर्षं जातात ते सगळं तिच्यात आहे : कमरेचा पीळ, डोक्यावरून फेरा, नेमक्या क्षणी सुटका. अशाच एका मावशींना आम्ही खेळ समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“दगुडच फेकायचा का सगळंच?”

सगळंच, दोरीसकट.

“मंग दुसऱ्या बारीला काय फेकू? आन् गोफण आणाया जायचं कोनी?”

गोफणीचं एक टोक बोटात अडकवून ठेवतात आणि दुसरं सोडतात, म्हणून दगड जातो आणि गोफण घरची घरी राहते. हातोडाफेकीत मूठ, तार, गोळा सगळंच जातं. एवढं चांगलं साहित्य लांब फेकून द्यायला मावशी तयार नाहीत. समितीने हा नियम बदलण्याबाबत वर लिहावं.

उमेदवार मिळाला की त्याच्या वडिलांना भेटावं. ते पदकाचं विचारणार नाहीत. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणात बसतं का, एवढंच विचारतील. हो म्हणावं आणि पुढचं सर्टिफिकेट, शिक्का, पडताळणी हे प्रकरण त्या दिवशी काढू नये.

मग निवडचाचणी. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आणि विभागीय क्रीडा संकुल, दोन्ही छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटरवर. चाचण्या सकाळी लवकर सुरू होतात; त्या वेळेला पोचवणारी गाडी सोयगावहून निघत नाही. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा लागतो. त्यामुळे वरची सगळी निरीक्षणं झाल्यावर वहीच्या पहिल्या पानावर एक रकाना आखावा : उमेदवाराचा मामा शहरात आहे काय? असल्यास नाव पुढे पाठवावं. नसल्यास उमेदवार कितीही पळत असला तरी तालुक्यापुरता ठेवावा. मामाऐवजी काका चालेल, पण काकूंना आधी फोन करून घ्यावा.