मोबाईल सुटावा म्हणून माँ ब्लाँ

पोराचा मोबाईल सुटावा म्हणून त्याला आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताभोवती पायी प्रदक्षिणा घालायला नेणं, हा पालकांचा नवा नवस बराच महाग आहे. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून सुमारे १७० किलोमीटर वाट, एकूण चढ जवळपास १०,००० मीटर. आणि वाटेवरच्या मुक्कामांची जागा महिनोन् महिने आधी धरायची, तीही मोबाईलवरूनच! शिस्त लागते, असं कुणी म्हणेल. लागते की. बूट दाराशी, जेवण ठरल्या वेळी, रात्री दहाच्या सुमारास दिवे बंद. पण ती मुक्कामाच्या मालकाची शिस्त. घरी बापाने हेच सांगितलं की कटकट. उरला वाटेतला बापलेकाचा संवाद. पंधरा वर्षांचे पाय केव्हाच पुढे गेलेले असतात, आणि बाप मागे धापा टाकत मोबाईलवर नकाशा बघत असतो.