सहावा संच

विद्यापीठाच्या पदभरतीच्या जाहिरातीतील इतर कलमांविषयी, म्हणजे शुल्क परत न मिळण्याविषयी, प्रवासभत्ता देय नसण्याविषयी आणि कोणतेही कारण न देता संपूर्ण प्रक्रिया रद्द करण्याच्या राखीव अधिकाराविषयी, आमची तक्रार नाही. ती सनातन आहेत. आमचे चित्त खिळले आहे ते ‘ऑनलाइन अर्जाची छापील प्रत साक्षांकित कागदपत्रांसह सहा संचांत सादर करावी’ या वाक्यावर, आणि त्यातही सहाव्या संचावर.

पहिल्या पाचांचा हिशेब लागतो. एक छाननीला, एक आस्थापना विभागाला, एक विषयतज्ज्ञांना, एक अध्यक्षांपुढे आणि एक, कोणत्याही प्रतिष्ठित दप्तराला लागतो तसा, गहाळ होण्यासाठी. सहावा कोणासाठी?

दहावीच्या गुणपत्रकापासून पीएच.डी.च्या अधिसूचनेपर्यंत, जातवैधतेपासून लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्रापर्यंत सर्व ऐवज पोटात घेऊन, स्पायरलच्या कण्यावर ताठ उभा असलेला हा संच आवक शाखेत पोहोचतो, बारनिशीत त्याची नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, कपाट मिळते, डोक्यावर पंखा मिळतो, आणि बिंदुनामावली आड न येता, मुलाखत न देता तो त्या वास्तूत तहहयात कायम होतो. त्याचा धनी मात्र त्याच वास्तूच्या तळमजल्यावर तासिका तत्त्वावर शिकवत असतो, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी बिनपगारी उपभोगतो आणि झालेल्या तासांच्या मानधनाचे बिल कोणत्या टेबलावर निजले आहे याचा शोध घेत त्या कपाटावरूनच जातो. पात्रतेचे म्हणाल तर विद्यापीठीय विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी २०१८ मध्ये पीएच.डी. अनिवार्य ठरली, अंमलबजावणी २०२१ वरून २०२३ वर गेली, आणि ती मुदत भरताच अटच उठवण्यात आली. तोवर ज्यांनी तारुण्य प्रबंधात घातले, त्यांनी ते कोणत्या खिडकीवर परत मागावे? अन् पदे रिक्त आहेत हो! वर्गात मुले बसलेली आहेत, फळा आहे, शिकवणारा आहे, फक्त त्याला शिक्षक म्हणण्याची कोणाची तयारी नाही, कारण तसे म्हटले की पगार द्यावा लागतो.

दमलेला उमेदवार मग संशोधन प्रकल्पाकडे वळतो. तेथे २०२३ पासूनच्या दराने कनिष्ठ संशोधकाला ३७,००० रुपयांची छात्रवृत्ती असते, आणि प्रकल्प संपताच सेवा आपोआप संपुष्टात येण्याची सोयही असते. गुरुवारी सायंकाळी सूचना लागते, सोमवारी मूळ प्रमाणपत्रांसह स्वखर्चाने हजर राहायचे असते. ‘इष्ट पात्रता’ या सदरात ज्या यंत्रावरील अनुभव मागितलेला असतो, ते यंत्र चालवणारा मनुष्य त्या प्रयोगशाळेत एकच असतो. मुलाखतीच्या सकाळी दूरदूरच्या गावांहून आलेल्या उमेदवारांच्या सह्या हजेरीपटावर तोच घेतो, आणि ‘जिना चढून डावीकडे’ हेही अत्यंत आदबीने तोच सांगतो.