इंजिनबदलाचा दफ्तरखाना

गुरुग्रामपासून गाझियाबादपर्यंत पसरलेल्या राजधानी परिसरात ज्या गृहस्थापाशी एक जुनी मोटार, एक रिकामा रविवार आणि मिळकतीच्या मानाने थोडी अधिक उमेद या तिन्ही गोष्टी एकाच वेळी एकत्र येतात, त्याच्या मनात गाडीचे इंजिन बदलण्याचा संकल्प केव्हा ना केव्हा उद्भवतोच. आणि एकदा तो उद्भवला म्हणजे अश्वशक्ती किती वाढेल, गिअरबॉक्स जुळेल की नाही, माउंटिंग कोठे वेल्ड करावे, यांविषयी अयाचित सल्ला देणारे तज्ज्ञ त्याला चहाच्या टपरीपासून कार्यालयाच्या लिफ्टपर्यंत सर्वत्र भेटू लागतात. वायरिंग हार्नेसचा, म्हणजे इंजिनाच्या तारांच्या जुडग्याचा, विषय मात्र यांपैकी कोणी काढत नाही. आपण होऊन तो काढलाच, तर उस्तादजी हातातला पाना खाली न ठेवता ‘वो तो हो जाएगा, साहब’ एवढ्या शब्दांत त्याचा निकाल लावतात. हे ‘हो जाएगा’ म्हणजे नेमके काय काय व्हावे लागते, याची तपशीलवार फोड करणे हाच प्रस्तुत मार्गदर्शनाचा मर्यादित हेतू आहे.

इंजिन हे सत्तेचे आसन असून हार्नेस हे तिचे दफ्तर आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला तरी समजावून सांगण्याची गरज पडू नये. 1784 साली शाह आलम बादशहाने वकील-इ-मुतलकीचा अधिकार पेशव्यांच्या नावे देऊन महादजी शिंद्यांना त्यांचे नायब नेमले, तेव्हा चालक शक्ती बदलली, पण तख्त तेच राहिले, फर्माने फारशीतच निघत राहिली आणि नाण्यांवरचे नावही पुसले गेले नाही. पुढे 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ झालेल्या लढाईने दिल्ली कंपनीच्या हाती गेली; पण त्या कंपनीनेही बंगालच्या टांकसाळीत 1835 पर्यंत बादशहाच्याच नावाचे रुपये पाडले. दिल्लीत सत्तांतर करणाऱ्याने जुने दफ्तर आधी वाचावे आणि मगच नव्या सरदाराला दिवाणखान्यात आणावे, हा या शहराचा जुना रिवाज आहे. आणि जो गृहस्थ इंजिन चेन-ब्लॉकने खाली सोडून मग ‘आता या तारांचे काय?’ असा प्रश्न विचारतो, त्याची गाडी पुढील दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढते.

विवेचनाच्या सोयीसाठी आपण एक उदाहरण घेऊ. गुरुग्रामच्या कारखान्यातून 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती बाहेर पडली आणि 1985 साली त्याच घराण्यात जिप्सी जन्मास आली. या जिप्सीच्या जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या पिढीची वायरिंग इतकी साधी आहे, की इंजिनाला चालण्यासाठी इग्निशनची वीज मिळाली म्हणजे त्याची फारशी तक्रार राहत नाही. पण 29 एप्रिल 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील नव्या खासगी मोटारींना 1 जून 1999 पासून युरो-1 आणि 1 एप्रिल 2000 पासून युरो-2 ही मानके लागू केली, आणि कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आणि त्या सर्वांवर देखरेख करणारा ईसीएम, ही व्यवस्था घरोघरी पोहोचली. येथल्या मोटारीत तारांचे जे जंजाळ दिसते, त्यातला मोठा हिस्सा अशा रीतीने न्यायालयाच्या हुकुमाने आलेला आहे. आता एखाद्याला आपल्या जुन्या जिप्सीत मारुतीच्याच एस्टीमचे 1298 सीसीचे एमपीएफआय इंजिन बसवावयाचे आहे, असे धरून चालू.

पहिले कर्तव्य खरेदीचे. त्यासाठी मायापुरीस जावे. नवे कपलर, रिले आणि फ्यूजबॉक्स कश्मीरी गेटला मिळतात, पण अखंड जुना हार्नेस मायापुरीच्या भंगारातच भेटतो. ‘अखंड’ या विशेषणावर हट्टाने अडून बसावे. भंगारवाल्याच्या दृष्टीने इंजिन म्हणजे वजनाचा माल असल्याने तो तारांवर कपलरपासून वीतभर अंतरावर कटर चालवतो आणि वर ‘जोड लेना, रंग तो दिख ही रहा है’ असे आश्वासनही देतो. रंग दिसत असतो हे खरे. परंतु एकाच रंगाच्या दोन तारा एकाच जुडग्यात असण्यास कोणत्याही कारखान्याची मनाई नाही, हे तो सांगत नाही. हार्नेस, ईसीएम आणि सेन्सर ही सर्व मंडळी एकाच गाडीची असावीत, आणि इमोबिलायझर असलेल्या गाडीची असल्यास तिची किल्ली व तिच्या इमोबिलायझरची डबीही सोबत घ्यावी. अन्यथा नवा ईसीएम तुम्हांस चोर समजून इंजिन चालू देणार नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे वागणे निर्दोष असेल. इंजिन क्रमांकासह पावती मागावी. ती मागताच भाव बदलला, तर त्या इंजिनाचा पूर्वेतिहास आपोआप कळून येतो.

माल घरी आल्यावर तो गच्चीवर पसरावा. जानेवारीतले ऊन या कामी उत्तम. मे महिन्यात येथे तारा आणि माणसे सारख्याच वेगाने मऊ पडतात. जुना कापडी टेप आणि कांड्युट सोडवण्यापूर्वी प्रत्येक कपलरला चिठ्ठी बांधावी. हे काम अपमानास्पद वाटते, कारण त्या क्षणी कोणता कपलर कशाचा हे आपल्याला अगदी स्पष्ट दिसत असते. मग त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलचा वायरिंग नकाशा मिळवून त्याचे पारायण करावे. जपानी परंपरेच्या नकाशांत ‘बी’ म्हणजे काळा आणि ‘एल’ म्हणजे निळा. दोन अक्षरे असल्यास पहिले तारेच्या अंगाचा रंग सांगते आणि दुसरे तिच्यावरच्या रेघेचा. काळ्यावर पांढरी रेघ आणि पांढऱ्यावर काळी रेघ या दोन निराळ्या असामी आहेत, हे पंचवीस वर्षांच्या धुळीखाली आणि डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने तपासताना ज्याला ओळखू येते, त्याने मोडीचे जुने कागद वाचण्याचा उद्योग अवश्य करावा.

येथे एक दिलासा देणे प्राप्त आहे. इंजिनाच्या हार्नेसमध्ये तारा पुष्कळ असल्या तरी त्यांतल्या बहुसंख्य ईसीएमपासून निघून इंजेक्टर, इग्निशन कॉइल आणि निरनिराळ्या सेन्सरांपाशी संपतात. त्यांचा गाडीच्या उरलेल्या मुलखाशी कसलाही व्यवहार नसतो, आणि त्यांना कोणी हातही लावू नये. सरहद्द ओलांडून गाडीच्या वायरिंगशी जोडाव्या लागणाऱ्या तारा सामान्यतः दहा-बारा भरतात: बॅटरीची कायम वीज, किल्ली फिरवल्यावर येणारी वीज, स्टार्टरचा संकेत, इंधनपंपाचा रिले, चेक-इंजिनचा दिवा, अल्टरनेटरच्या चार्जिंगचा दिवा, तापमानाचा काटा, वातानुकूलनाची मागणी आणि अशाच आणखी काही. या दहा-बारांची कागदावर यादी करून प्रत्येकीसमोर ‘कोठून’ आणि ‘कोठे’ लिहिले, की हार्नेसचे अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यावर लोकांची वर्षे जातात.

कारण या यादीतली दुसरी तार कपटी आहे. किल्ली ‘ऑन’वर असताना ज्या तारेत बारा व्होल्ट दिसतात, अशा तारा डॅशबोर्डामागे अनेक सापडतात, आणि उस्तादजी त्यांतली सर्वांत जवळची पकडतात. परंतु रेडिओ, पंखा यांच्याकडे जाणाऱ्या तारांची वीज किल्ली ‘स्टार्ट’वर नेताच तोडली जाते, म्हणजे बॅटरीचे सगळे बळ स्टार्टरला मिळावे. अशा तारेवर ईसीएम बसवला, तर स्टार्टर फिरत असेपर्यंत ईसीएम मूर्च्छित असतो आणि किल्ली सोडताच शुद्धीवर येतो. इंजिन मात्र कधीच सुरू होत नाही, आणि मग प्लग बदलले जातात, कॉइल बदलली जाते, पंप बदलला जातो, क्वचित मिस्त्रीही बदलला जातो. यावर उपाय एवढाच, की तार जोडण्याआधी तिला मल्टिमीटर लावून दुसऱ्या माणसाकडून किल्ली ‘स्टार्ट’वर धरवावी. आकडा बाराचा साडेदहा झाला तर चिंता नाही. शून्य झाला तर ती तार रेडिओस परत करावी.

अर्थिंगचा विषय सर्वांत कंटाळवाणा, आणि म्हणूनच त्याची हेळसांड सर्वाधिक. नव्या माउंटिंगला छान रंग दिलेला असतो, रबराचे बुश असतात, आणि इंजिन विजेच्या दृष्टीने गाडीपासून अलिप्त होऊन बसते. मीटरची ‘बीप’ वाजली म्हणजे अर्थ चांगला, असा एक समज प्रचलित आहे. वस्तुतः बारीक तांब्याचा एकच धागा शिल्लक असला तरी बीप वाजते, पण त्या धाग्यातून स्टार्टरला लागणारा प्रवाह जाऊ शकत नाही. खरी परीक्षा भाराखाली होते. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे आणि स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसल्यास जाड पट्टी घालून, रंग खरवडून, बोल्ट घट्ट करावा. सेन्सरांच्या अर्थतारा मात्र या गर्दीत आणून बांधू नयेत. त्या ईसीएमकडेच परत जाऊ द्याव्यात, नाहीतर तो स्टार्टरच्या धक्क्याला इंजिनाचे तापमान समजतो.

तापमानावरून आठवले. गाडीच्या काट्याचा सेंडर एका तारेचा असतो आणि ईसीएमचा सेन्सर दोन तारांचा. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही, दोन्ही बसवावे लागतात. इंधनपंपाचेही तसेच: कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप येथे निरुपयोगी असल्याने टाकीत विजेचा पंप घालून त्याच्यापर्यंत फ्यूज आणि रिलेमार्गे जाड तार न्यावी. रिलेच्या तळाशी 30, 85, 86 आणि 87 हे अंक छापलेले असतात. 30 वर बॅटरी, 87 वर पंप, आणि उरलेल्या दोहोंपैकी एकावर किल्लीची वीज व दुसऱ्यावर ईसीएमची तार. ईसीएम बहुधा वीज पाठवत नाही, अर्थ देतो. हा बारकावा न ओळखता जोडणाऱ्याचा पंप एक तर कधी चालत नाही, किंवा कधी थांबत नाही.

आणखी एक अडचण शिल्लक राहते. एस्टीमचे इंजिन बॉनेटखाली आडवे असते आणि जिप्सीचे उभे. त्यामुळे हार्नेस एका बाजूस हातभर उरतो आणि दुसऱ्या बाजूस तेवढाच तोकडा पडतो. तारा वाढवाव्यात, पण त्याच जाडीच्या, सांधे एकाच ठिकाणी न आणता पुढेमागे करून, प्रत्येकावर हीट-श्रिंक नळी चढवून; आणि क्रँक सेन्सरच्या तारांवर आवरणाची जाळी असल्यास तीही जोडून घ्यावी. हा सगळा खटाटोप टाळण्याचा एक मार्ग आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही: मारुतीने पुढे स्वतःच जिप्सीत एमपीएफआय इंजिन बसवले, उभे, आणि त्याला बेतशीर हार्नेस दिला. असा हार्नेस भंगारात शोधावा. तो मिळाल्यास काम एका आठवड्यात उरकते, आणि ज्या हौसेने हा उद्योग आरंभिला तिचे सार्थक होत नाही; म्हणून बहुतेक लोक तो शोधत नाहीत.

सर्व जोडण्या झाल्यावर इंजेक्टरांचे कपलर काढून ठेवून किल्ली फक्त ‘ऑन’वर न्यावी आणि कान देऊन ऐकावे. मागच्या टाकीतून दोनेक सेकंद बारीक गुणगुण येऊन थांबली, तर ईसीएम जागा आहे, रिले त्याचे ऐकतो आहे आणि पंपाला वीज मिळते आहे. चेक-इंजिनचा दिवा पेटला पाहिजे. न पेटल्यास आनंद मानू नये, बल्ब तपासावा. याच सुमारास शेजारच्या मजल्यावरचे सद्गृहस्थ खाली येऊन ‘भाईसाहब, स्टार्ट हुई?’ असे विचारतात. त्यांना उत्तर न देता कपलर परत लावावेत.

ज्यांचा डोळा अलीकडच्या मोटारींच्या इंजिनांवर आहे, त्यांच्यासाठी येथे एवढेच सांगता येईल, की त्या गाड्यांत ईसीएमसारखे डबे एकमेकांशी कॅन नावाच्या जोडतारेवरून बोलतात. गाडीची वीज बंद करून त्या दोन तारांमध्ये 60 ओहम भरले तर निदान ती जोडतार शाबूत आहे असे समजावे. पण नव्या सरदाराने इंजिन चालवले तरी जुना एअरबॅगचा डबा, एबीएसचा डबा आणि डॅशबोर्ड त्याच्या निरोपांची वाट पाहत सर्व दिवे लावून बसतात. महादजींच्या वाट्याला हा प्रसंग आला नाही.

आता कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला दुजोरा दिला आहे. तेव्हा परिवहन कार्यालयात दरखास्त पाना उचलण्याआधी द्यावी. शिवाय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2014 च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 29 ऑक्टोबर 2018 च्या आदेशांनी पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसरातले रस्ते बंद झाले. 2025 साली त्यांची अंमलबजावणी कधी सुरू होत, कधी स्थगित होत राहिली, म्हणून त्या-त्या दिवसाचा हुकूम पाहून घ्यावा. वय नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, इंजिनाच्या नाही. ‘विंटेज’ म्हणून सनद मिळवावी म्हटले, तर 2021 च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ स्वरूपात, फेरबदलाविना राखलेली हवी. म्हणजे पन्नाशी भरेपर्यंत थांबूनही इंजिन बदललेल्या जिप्सीला ती सनद मिळणे नाही. राहता राहिला ना-हरकत दाखला काढून गाडी परिसराबाहेर नेण्याचा मार्ग. तेव्हा ज्यांच्या मनात हा संकल्प असेल त्यांनी मायापुरीची मेट्रो पकडण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र काढून त्यावरची तारीख वाचावी, आणि सातारा-सांगलीकडे कोणा नातलगाच्या अंगणात जागा असल्यास त्याला आजच पत्र टाकावे.