भाव विचारून ठेवावा

जत्रेला कुणी देवासाठी जातं, कुणी कुस्त्यांसाठी, कुणी पाळण्यात बसायला. लावणीला जाणारे घरी ‘देवाला जातो’ एवढंच सांगतात. आमचे मामा माळेगावला भाव विचारायला जातात.

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर हे माळेगाव. मार्गशीर्ष वद्यात इथं खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी निघते, बेलभंडारा उधळला जातो, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात माणसं पिवळी होतात. मग देव, जिल्हा परिषद आणि जनावरं असे तिघं मिळून पुढची यात्रा चालवतात. बैल, घोडे, उंट, गाढवं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, सगळी हजर. या सगळ्यांतून फिरून मामांनी घोंगडं आणि रेवड्या यांपलीकडे काही घरी आणलेलं कुणी पाहिलेलं नाही. पण भाव? भाव त्यांना उंटाचासुद्धा पाठ असतो. कंधारच्या काळ्या रानात उंटाचं काय करायचं, हा प्रश्न मामांच्या मते वेगळा.

भाव विचारायची एक रीत आहे. जो बैल मनात भरला त्याच्याकडे बघायचंच नाही. आधी शेजारच्या बैलाला नावं ठेवायची. मग सहज वळल्यासारखं करून आपल्या बैलाचा ओठ उचलायचा. बैलाला पुढचे दात फक्त खाली असतात, 8. दुधाचे असतील तर तो आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती आणि आठही आले की जुळलेला. वयाचा दाखला तोंडातच असल्यामुळे बैलाला खोटी जन्मतारीख लावता येत नाही. एकदा एक शहरी पाहुणा जबडा बघून गंभीरपणे म्हणाला, “याचे वरचे दात पडलेत की!” मालकाने त्याच क्षणी मनातली किंमत वाढवली. वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच, हे ज्याला ठाऊक नाही, तो गिऱ्हाईक नव्हे, तो खंडोबाचा प्रसाद.

दातांनंतर खूर, शेपूट, वशिंड आणि शेवटी भोवरे. अंगावरचा कुठला भोवरा शुभ आणि कुठला घर बुडवणारा, याचं मामांचं शास्त्र पक्कं आहे. फक्त मालकाने आकडा सांगितला की ते बदलतं.

मग येतो रुमाल. मालक आणि मामा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून बोलू लागतात. दोघांची तोंडं मात्र एखाद्या दूरच्या नातेवाइकाच्या तेराव्याला बसल्यासारखी. एकजण आभाळाकडे बघतो, दुसरा धुळीकडे. आत काय चाललंय ते शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही, त्यामुळे नकाराचा अपमान होत नाही आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा भाव सांगता येतो. “किती म्हणाला, मामा?” असं मी विचारलं की मामा रुमाल झटकतात. “ते चारचौघांत बोलायचं न्हाई.” रात्री मात्र पारावर चारचौघांतच बोलतात. मामा परतले की त्या संध्याकाळी गावातल्या यच्चयावत जनावरांची किंमत नव्यानं ठरते. काहींचे बैल बसल्या जागी महाग होतात आणि ते लोक मामांना चहा पाजतात.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की रुमालाच्या पलीकडचा हातही आमच्याच जातकुळीचा असतो. लोह्याकडचे एक आप्पा आपला लाडका लाल कंधारी वळू दरसाल आणतात. विकायला? छे. किती रुपयांना आपण नाही म्हणालो, ते ऐकवायला. म्हणजे न घेणारा आणि न विकणारा असे दोन गृहस्थ भर उन्हात बोटं दुखेपर्यंत सौदा करतात. एका वर्षी आप्पांची जीभ घसरली. म्हणाले, “जा, दिला तुमाला!” मामांचा चेहरा वळूपेक्षा लाल झाला. क्षणभर दोन्ही घराण्यांवर संकट. मग मामा म्हणाले, “दिला खरा, पर आज वार बरा न्हाई.” आप्पांनी सुटकेचा श्वास टाकला. “मी तेच म्हणनार होतो.” दोघांनी भजी खाल्ली. पैसे कुणी द्यायचे यावर मात्र खराखुरा वाद झाला.

पशुप्रदर्शनाच्या दिवशी आमच्या घरात फूट पडते. मामा कंधारचे, म्हणून त्यांना गर्द लाल अंग, रुंद कपाळ, लोंबते कान आणि डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कडा असलेली लाल कंधारी हवी. मामी उदगीरकडच्या. त्यांचं माहेर देवणीच्या बाजूनं. “देवणी दूध बी देते आन् औताला बी चालते,” हे वाक्य त्या मामांकडे अशा नजरेने बघत म्हणतात की दोन्ही आघाड्यांवर मामा कमी पडल्याचं सगळ्यांना कळावं. देवणीतही वानेरा, म्हणजे अंग पांढरं नि तोंडाच्या बाजू काळ्या, असा नमुना दिसला की मामींना भाऊ भेटल्याचा आनंद होतो.

रिंगणात वळू येतात ते शिंगांना तेल, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ अशा थाटात. पहाटेपासून त्यांना न्हाऊमाखू घालणारा मालक स्वतः पारोसाच असतो. जनावरांचे डॉक्टर हातात कागद घेऊन ठेवण बघतात, गुण मांडतात. रिंगणाबाहेर प्रत्येक माणूस परीक्षक असतो, आणि त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. खरा निकाल जाहीर झाला की जिंकलेला म्हणतो, “डॉक्टर जाणकार हाय.” हरलेला म्हणतो, “पुस्तकी हाय.” डॉक्टर एकच.

फळं-भाजीपाल्याच्या मांडवात मामींचं राज्य. तिथं पाटी असते, वांगी स्पर्धेची आहेत, हात लावू नये. मामी हात लावत नाहीत; फक्त “कशी दिली?” विचारतात. स्पर्धेतल्या भोपळ्याच्या मालकालाही त्यांनी एकदा अर्धा कापून देतोस का म्हणून विचारलं. तो बिचारा बक्षीस समारंभ होईपर्यंत भोपळ्यापासून हलला नाही.

गेल्या यात्रेत मामा ट्रॅक्टरच्या स्टॉलवर शिरले. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या पोराने माहितीपत्रक दिलं. मामांनी बॉनेट उघडायला लावलं, टायर दाबून पाहिले, मागे जाऊन उभे राहिले आणि आकडा विचारला. पोराने तो मोठ्यांदा सांगितला! चारचौघांत! मामांनी कीव येऊन त्याला रुमालाची रीत समजावली. पोराने निमूटपणे रुमालाखाली हात दिला आणि जाताना मामांचा मोबाइल नंबर लिहून घेतला.

तेव्हापासून त्याचा दर आठवड्याला फोन येतो. “काका, काय ठरलं?” पेरणी होऊ द्या, पाऊस पडू द्या, सोयाबीनचं काय होतंय बघू द्या, असं करत मामा त्याला महिनोन्‌महिने खेळवतात आणि प्रत्येक वेळी शेवटी विचारतात, “बरं, भाव काय चाललाय?” मामी म्हणतात, ट्रॅक्टर नको तर सरळ नाही म्हणून टाका. मामा दुखावतात. त्या पोराला नाही म्हणायचं कशाला? गेल्या फोनला त्याने पाच हजार कमी केलेत.